फौजी परत आला, त्याला मास्तर करा

शेतकरी बंधूंनो, सरपंच मंडळींनो आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब,

एरवी या पानावर मी बोंडअळी, ठिबकचा दाब, तुरीवरची मर असल्या गोष्टी लिहितो. आज विषय पिकाचा नाही, पोरांचा आहे. पंचायत समितीच्या माणसाने यात तोंड का घालावं, असं कुणी म्हणेल. पण शेतीच्या कामासाठी घरोघर जावं लागतं, आणि ओसरीवर बसलं की पिकाआधी पोराचाच विषय निघतो. "साहेब, पोरगं बारावी झालं, भरतीची तयारी करतंय." हे वाक्य ऐकलं नाही असा माझा एकही आठवडा जात नाही.

आपल्या जिल्ह्यात कन्नड, वैजापूर, सिल्लोड, पैठण, कुठल्याही रस्त्याला पहाटे पाचला निघा. गाडीच्या उजेडात पळणारी पोरं दिसतील. पायात फाटके बूट, शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि मालट्रक. कोरडवाहू वावर चार भावांत वाटून गेलेलं, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत, कपाशीच्या भावाचा भरवसा नाही. मग पोराने सरकारी पगाराकडे डोळे लावले तर त्याला दोष कसा द्यायचा? वर्दीला मान आहे, पगार आहे, आणि वशिल्याविना केवळ पायांच्या जोरावर मिळेल अशी आशा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. याच गावांत फौजेतून निवृत्त झालेले गडी आहेत. शिपाई म्हणून अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला माणूस पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन घरी येतो, तेव्हा त्याने चाळिशीही ओलांडलेली नसते. अंगात रग असते, पहाटे उठायची सवय असते, देश पाहिलेला असतो. हा माणूस पुढे काय करतो? कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहितो, कुणी भावकीच्या बांधाच्या भांडणात अडकतो. पहारेकऱ्याच्या कामात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याने वीस वर्षांच्या पोरांची तुकडी बर्फात नि वाळवंटात सांभाळली, त्याला फाटकावर बसवणं म्हणजे काळ्या कसदार जमिनीत एरंड लावण्यासारखं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावाने त्याला मास्तर करावं. आणि त्यानेही मास्तरकी पत्करताना एक गोष्ट मनाशी पक्की करावी. किती पोरं भरती झाली यावर त्याची किंमत ठरणार नाही, भरती न झालेल्या पोरांचं काय झालं यावर ठरेल. हे उलटं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याच शहरातला दाखला

फौजी माणसाने शिकवायचं, ही काही नवी कल्पना नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाराष्ट्र शासनाने १९७७ साली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. सिडकोत, एन-१२ भागात ती आहे. दहावी झालेली राज्यभरातली मुलं परीक्षा व मुलाखत घेऊन निवडतात, दोन वर्षं तिथेच ठेवतात, अकरावी-बारावीबरोबर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची तयारी करून घेतात. संस्थेची सूत्रं निवृत्त सेनाधिकाऱ्यांकडे असतात. शेतकऱ्याचं पोर अधिकारी होऊ शकतं, हे या संस्थेनं दाखवून दिलं. मुलींना एनडीएचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडलं. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ साली सुरू झाली. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, एकूण १७ जणी, मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

पण या संस्थेत जागा मोजक्या. खेड्यातल्या शेकडो पोरांना शिपाईपदाचीच वाट माहीत असते, आणि त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी खासगी अकॅडम्या निघाल्या आहेत. काही खरोखर चांगल्या आहेत. काही ठिकाणी मात्र वर्दीतला फोटो, मोठा फलक आणि "हमखास भरती" एवढंच भांडवल आहे.

शंभरातले नव्व्याण्णव

आता हिशोब पाहू. राज्यातल्या २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेला सुमारे शंभर अर्ज. आपण सोयाबीन पेरण्याआधी काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर तरी उगवले का ते मोजतो. शंभरात एकच उगवला तर ते बियाणं दुकानदाराच्या दारात नेऊन ओततो. पोरांच्या बाबतीत मात्र शंभरात एक उगवला, की त्या एकाच्या गळ्यात हार घालून गावातून मिरवणूक काढतो. त्याला हार घालायलाच हवा, त्यानं घाम गाळला आहे. पण उरलेल्या नव्व्याण्णवांची यादी कुठल्याच फलकावर नसते.

ती नव्व्याण्णव पोरं तीन-चार वर्षं पळत राहतात. सैन्याची वयाची अट विशीच्या जरा पुढे संपते. एके दिवशी कळतं की आता अर्जच करता येणार नाही. तोवर शिक्षण सुटलेलं असतं, शेतीची सवय मोडलेली असते, बापाने शेळ्या विकून किंवा सावकाराकडून उचलून फी भरलेली असते. असं पोर पारावर दिसतं. त्याला आपण आळशी म्हणतो. जो तीन वर्षं पहाटे चारला उठला, तो आळशी कसा? त्याला खरं सांगणारा कुणी भेटला नाही एवढंच.

जागा कमी आहेत, हा शिकवणाऱ्याचा दोष नाही. पण ते पोराला पहिल्या दिवशी सांगणं हे त्याचंच काम आहे. हे सांगायचा अधिकार आणि वजन गावात दुसऱ्या कुणाला नाही. माझ्यासारख्याने सांगितलं तर पोरगं म्हणेल, साहेब खुर्चीत बसून बोलतात. फौजी सांगेल तेव्हा ते ऐकेल, कारण तो त्या दारातून आत जाऊन आला आहे.

राळेगणचा फौजी

सैन्यातून परतून माणसं घडवायला लागलेला आपल्या भागातला सर्वांना माहीत असलेला माणूस म्हणजे अण्णा हजारे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हे त्यांचं गाव. १९६० च्या दशकात ते सैन्यात गेले. त्यांचं लष्करी प्रशिक्षण आपल्या औरंगाबादेतच झालं. पुढे ट्रकचालक म्हणून काम करताना १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्यावर मरणाचा प्रसंग आला आणि त्यातून ते वाचले. १९७५ साली सेवा संपवून गावी आले. पुढच्या त्यांच्या आंदोलनांबद्दल ज्याचं त्याचं मत असेल, त्यात मी शिरत नाही. मला पाहायचा आहे तो गावात परतलेला ट्रकचालक.

त्याने आधी हुकूम सोडला नाही. भविष्य निर्वाह निधीचे स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचं पडकं देऊळ दुरुस्त केलं. लोक तिथे बसू लागले, मग पोरं जमली. गाव पर्जन्यछायेतलं, पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. चर कसे खोदायचे, नाला कुठे अडवायचा, हे फौजेत ट्रक चालवून कळत नाही. ती विद्या त्यांनी पाणी पंचायतवाले विलासराव साळुंखे यांच्याकडून घेतली. म्हणजे शिकवायला बसण्याआधी हा माणूस स्वतः शिकायला बसला. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ही शिस्त नंतर आली, लोकांना विहिरीत पाणी दिसू लागल्यावर ती टिकली.

राळेगणची मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या संत निळोबाराय विद्यालयाची ओळख नापासांची शाळा म्हणून झाली. दुसरीकडे नापास झालेली, हुडपणामुळे काढून टाकलेली पोरं तिथे मुद्दाम घेतली, वसतिगृहात ठेवली, पहाटेच्या व्यायामाला आणि अभ्यासाला लावली. चांगली पोरं निवडून त्यांच्या यशावर नाव कमावणं कुणालाही जमतं. एका फौजी माणसाच्या गावाने उलटी रीत धरली. मी वर म्हणालो त्याचा हाच दाखला.

आणि एक गोष्ट घेऊ नये अशीही आहे. सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फौजी पट्ट्याने मारल्याचं अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. हेतू चांगला असेल, पण मला ते पटत नाही. पट्ट्याच्या भीतीने सुटलेली दारू पट्टा बाजूला ठेवला की परत येते. माझ्या समजुतीने राळेगण बदललं ते विहिरींना पाणी आल्यामुळे, घरात ज्वारी आल्यामुळे, आणि हे सगळं आपण केलं असं लोकांना वाटल्यामुळे.

फौजी भावांनो, हे तुमच्यासाठी

तुम्ही आलात तिथे खांद्यावरच्या पट्ट्यांवरून कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं होतं. गावात तसं नाही. इथे तुमचा चुलता तुम्हाला लहानपणीच्या नावाने हाक मारणार, पोरगं दोन दिवस येणार आणि तिसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाणार. त्याला शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या तर चौथ्या दिवशी ते येणारच नाही. वेचणीच्या महिन्यात सराव संध्याकाळी ठेवलात, तर ते येईल.

पाऊस पडला की लगेच औत घातलं तर ढेकळं निघतात. फार थांबलं तर जमीन दगड होते. वापसा आला की एका पाळीत काम होतं. पोराच्या अंगाचंही तेच. भरतीची जाहिरात आली की महिनाभर मरेस्तोवर पळवायचं, ही रीत जिवावर बेतते. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी १० किलोमीटर धावताना दहाहून जास्त उमेदवार दगावले. मिरचीचं रोप वाफ्यातून काढून थेट चैत्राच्या उन्हात कुणी लावत नाही. आधी आठवडाभर पाणी कमी करून ते कणखर करतो. मग पोराला का नाही? वर्षभराचा हळूहळू वाढता सराव, पुरेसं पाणी, आठवड्याला एक दिवस विश्रांती, आणि ताकदीची इंजेक्शनं आणून देणाऱ्यांना मैदानाच्या आसपास फिरकू न देणं, एवढं तरी पाळलंच पाहिजे.

आणि आधी शिकवायला शिका. स्वतः पळता येणं आणि दुसऱ्याला पळवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे जाऊन मार्गदर्शक कसे काम करतात ते पाहून या.

केरळचे ओ. एम. नंबियार यांचं उदाहरण घ्या. हवाई दलातली नोकरी संपवून ते खेळाचे मार्गदर्शक झाले. १९७६ पासून कन्नूरच्या क्रीडा शाळेत त्यांनी एका सडपातळ मुलीला शिकवायला घेतलं. ती पी. टी. उषा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचं पदक हुकलं. त्या दिवशी मास्तरने हात टेकले असते तर? त्यांनी टेकले नाहीत. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत उषाने चार सुवर्णपदकं घेतली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो नंबियारांना मिळाला. हुकलेल्या पोरीसोबत जो टिकला, त्याचं नाव राहिलं.

जवळचा दाखला हवा असेल तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा घ्या. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनला राहिला. सैन्यातल्याच अमरीश कुमार या प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे वळवलं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. कोणता गडी कुठल्या कामाचा हे ओळखणारी नजर मास्तरकडे हवी. ती असली की एखादं पोर शर्यतीकडे जाईल, एखादं आयटीआयकडे.

फौज म्हणजे नुसती बंदूक नव्हे, हे तर तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. कुणी इंजिनिअर दलात बांधकाम आणि नळजोडणी केली, कुणी इएमईत इंजिनं दुरुस्त केली, कुणी दवाखान्यात मलमपट्टी केली, कुणी जड वाहनं चालवली. गावात मोटार रिवाइंडिंग करणारा माणूस तालुक्याहून बोलवावा लागतो, फवारणी पंप बिघडला की हंगाम हातचा जातो. पहाटे पळायला शिकवा, पण आठवड्यातून दोन संध्याकाळी हातातली कलाही शिकवा. ज्याची उंची दोन बोटं कमी पडली ते पोर त्याच कलेवर उभं राहील.

पालकांनी काय विचारावं

शेतकरी बंधूंनो, पोराला कुठेही घालण्याआधी, म्हणजे फीचे पैसे खिशातून काढण्याआधी, पाच गोष्टी विचारा.

एक, आधी मोजमाप घेता का? पोलीस शिपाईपदाला मुलांची उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त लागते. रंग ओळखता न येणं, सपाट तळपाय, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकणं, यामुळे सैन्यात पोरं वैद्यकीय तपासणीत गळतात. या गोष्टी सरावाने बदलत नाहीत. सरकारी दवाखान्यात आधी तपासून घ्या. हीच पेरणीपूर्व उगवण चाचणी. दोन वर्षं पळाल्यावर हे कळणं म्हणजे पीक काढणीला आल्यावर बियाणं बोगस निघणं.

दोन, लेखी कोण शिकवतो? सैन्यात २०२३ पासून आधी संगणकावरची परीक्षा आणि मग मैदान अशी रीत झाली. पोलीस भरतीत मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. सैन्याच्या मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं की पूर्ण ६० गुण आणि बीमवर दहा वेळा उचललं की ४०, हे पोरांना तोंडपाठ असतं. पण मैदानापर्यंत पोहोचायला आधी पेपर सुटावा लागतो. गणित आणि मराठी व्याकरण यांच्यासाठी मास्तर नसेल तर ती अर्धीच अकॅडमी.

तीन, मागच्या तीन वर्षांत एकूण किती पोरं आली, किती लागली आणि बाकीची आता काय करतात? हारवाल्यांचे फोटो बाजूला ठेवून पूर्ण वही मागा. वही नसेल तर समजून घ्या.

चार, शिकवणारा खरोखर फौजेत होता का? त्याचं माजी सैनिक ओळखपत्र बघायला मागण्यात अपमान नाही. खरा फौजी स्वतः काढून दाखवतो.

पाच, फी टप्प्याटप्प्याने आणि पावतीवर घेता का? जो "हमी" देतो, "वरपर्यंत सेटिंग आहे" म्हणतो, त्याच्यासमोरून चहा न पिता उठा.

गावाने काय करावं

आता सरपंच मंडळींसाठी. आपण माजी सैनिकाला घरपट्टी माफ करतो, १५ ऑगस्टला झेंडावंदनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. हे झालं मानाचं. कामाचं काय?

पहिली गोष्ट, पोरं रस्त्यावरून उचला. जिल्हा परिषद शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून पहाटे व संध्याकाळी ते खुलं करा. दोनशे मीटरची फेरी बसली तरी पुरे, आठ फेऱ्यांत १६०० मीटर होतात. दगड वेचून, मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला की धावपट्टी तयार. त्याला मोठा निधी लागत नाही. खोडा येतो तो ठरावाच्या आळसाचा.

दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीची एक खोली संध्याकाळी अभ्यासिका म्हणून द्या. दिवा, पंखा, वर्तमानपत्र आणि जुन्या प्रश्नपत्रिका. किल्ली कुणाकडे, वीजबिल कोण भरणार, हे ठरावातच लिहा. नाहीतर दोन महिन्यांत तिथे खताच्या गोण्या पडतात.

तिसरी गोष्ट, मुलींची वेळ वेगळी ठेवा आणि सोबत गावातली एखादी शिक्षिका, आशाताई किंवा बचत गटाची ताई असू द्या. पोलिसांत मुली जाताहेत, एनडीएत जाताहेत. मैदान फक्त पोरांचं राहिलं तर अर्धं गाव घरातच बसेल.

चौथी, मास्तरला थोडं मानधन द्या. पेन्शन आहे म्हणून फुकट राबवून घेऊ नका. फुकटच्या कामाला कुणी जाब विचारू शकत नाही, आणि या कामाला जाब विचारता आला पाहिजे. दर ग्रामसभेत त्याने वही वाचावी, एवढी एकच अट घाला. वहीत प्रत्येक पोराचं नाव असावं, आणि पुढे तीन रकाने: भरती झाला, दुसऱ्या कामाला लागला, अजून वाटेवर आहे. चौथा रकाना नको. "सोडून गेला" असं कुठल्याही पोरापुढे लिहायची पाळी येऊ नये, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पुढे येणारी लाट

हे आताच का करायचं, तेही सांगतो. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. त्यात चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ सरता सरता पूर्ण होतात. त्यानंतर दरवर्षी अशी पोरं येत राहणार. योजना चांगली की वाईट हा वाद दिल्लीत होऊ द्या. आपल्या वेशीवर येणारा माजी सैनिक इथून पुढे पंचविशीच्या आतबाहेरचा असेल, एवढं आपण ध्यानात घेऊ.

त्याच्या हातात एकरकमी पैसा असेल आणि पुढे पस्तीस वर्षांचा संसार. गावाने त्याच्यासाठी काम तयार ठेवलं नाही तर तो पैसा गाडीत, लग्नाच्या मांडवात आणि कुठल्यातरी पैसे दुप्पट करणाऱ्याच्या खिशात जाईल. किंवा तो स्वतःच एक फलक लावून "हमखास भरती" म्हणू लागेल, कारण त्याला दुसरं काही सुचवलंच गेलं नाही. त्याच्याच गावात आधीचा एखादा जुना हवालदार नीट मैदान चालवत असेल, तर हा पोरगा त्याच्या हाताखाली वर्षभर उभा राहील, शिकवायला शिकेल, आणि मग शेजारच्या गावात स्वतःचं मैदान उभं करील. फौजेतून परतून कामाला लागण्याची रीत अशीच एका गावातून दुसऱ्या गावात जाईल.

आम्ही शेतीखात्यात म्हणतो, शंभर भाषणांपेक्षा एक प्रात्यक्षिक प्लॉट बरा. शेतकरी शेजारच्या बांधावर उभा राहून पाहतो आणि मगच विश्वास ठेवतो. म्हणून तालुक्यात एका तरी गावाने हे करून दाखवावं. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घाला: "गावातील माजी सैनिकांच्या मार्गदर्शनाखाली मैदान व अभ्यासिका सुरू करणे." सूचक म्हणून एखाद्या अशा बापाला उभं करा, ज्याच्या पोराचं भरतीचं वय निघून गेलं आहे. त्याच्याइतकं हे कुणाला कळणार नाही. आणि ठराव मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानातले दगड वेचायला सगळे या. टिकाव-फावडं ज्याचं त्याने आणावं.